गालिच्यासमोर उभे राहा

सोव्हिएत घरात गालिचा जमिनीवर अंथरत नसत, भिंतीवर टांगत. त्यावर पाय ठेवायचा प्रश्नच नाही. त्याच्या कडेला पलंग लावायचा, त्याला पाठ टेकून बसायचं, रात्री झोप येईपर्यंत त्याच्या वेलबुट्टीतून बोट फिरवत पडायचं, आणि फोटो काढायचा झाला की त्याच्यासमोर उभं राहायचं. साठ ते ऐंशीच्या दशकांतला रशियन घरगुती अल्बम उघडा, बहुधा गालिचा सापडतोच. कृष्णधवल फोटोत तो करडा दिसतो, पण मूळचा लाल असणार हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच्यापुढे दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. त्याच्यापुढे सैन्यातून रजेवर आलेला मुलगा, केस कापल्यामुळे कान जरा जास्तच बाहेर आलेले. नवरा-नवरी. पदकं लावून बसलेले आजोबा. माणसं मोठी होतात, जाड होतात, टकली होतात, काही पुढच्या पानावर नसतातच. गालिचा मात्र जागचा हलत नाही.

तो भिंतीवर का, याची कारणं विचाराल त्या माणसागणिक वेगळी. बाहेरची भिंत हिवाळ्यात गार पडते. पलीकडचा शेजारी रेडिओ मोठ्याने लावतो. वॉलपेपर फाटलाय. आणि एक कारण सहसा कुणी आपणहून सांगत नाही: इतकी खटपट करून, नंबर लावून मिळवलेली वस्तू पायाखाली घालायला जीव होत नाही. मला हेच खरं वाटतं. चारचौघांना दाखवावं असं घरात जे एक होतं, ते त्यांनी डोळ्यांच्या उंचीवर लावलं.

असे अल्बम मी पाहिले ते ओळखीतल्या एका डॉक्टरकाकांमुळे. सत्तरच्या दशकात ते मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी १९६० साली हे विद्यापीठ काढलं होतं, आणि महाराष्ट्रातूनही मुलं तिकडे जात. काका परतले ते डॉक्टरकी, एक समोवार, हमालाला न पेलणारी पुस्तकं आणि जाड पुठ्ठ्याचे अल्बम घेऊन. त्यातले निम्मे फोटो त्यांचे, निम्मे ज्या कुटुंबाकडे ते रविवारी जेवायला जात त्यांचे. काकूंना सगळे फोटो पाठ आहेत. एका पानावर फरची टोपी घातलेली एक हसरी मुलगी आहे. ‘ही ग्रंथालयात होती,’ असं काका म्हणतात. ‘हो, ग्रंथालयातच होती,’ असं काकू म्हणतात आणि पान उलटतात.

एरवी माझ्या पिढीतल्या मराठी माणसाला सोव्हिएत संघ माहीत झाला तो अगदी वेगळ्या फोटोंतून. दिल्लीच्या सोव्हिएत वकिलातीकडून निघणारं एक रंगीत नियतकालिक मराठीतही येई. वर्गणी नावापुरती आणि कागद असा गुळगुळीत, की जून महिन्यात वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला त्याच्यासारखी सोय नव्हती. त्यामुळे भूगोलावर गव्हाच्या शेतातलं कापणीयंत्र, गणितावर अंतराळवीर आणि मराठीवर बॅले नर्तिका अशी वाटणी होई. बॅलेचं कव्हर आमच्या गुरुजींनी उलटं घालायला लावलं, म्हणजे वर्षभर नर्तिका आत आणि बाहेर व्होल्गेवरचं धरण. त्या फोटोंतलं कुणी कधी थकलेलं नसे. गोठ्यातली बाईसुद्धा गायीकडे न बघता क्षितिजाकडे बघून हसायची. काढणारे कसबी होते, त्यात शंका नाही. पण त्या देशाच्या आठवणीने आज तिथल्या कुणाचे डोळे पाणावत असतील, तर ते त्या कापणीयंत्रासाठी नव्हेत. ते पाणावतात हललेल्या, कडेने उजेड शिरलेल्या, कुणाचं तरी डोकं अर्धं कापलेल्या घरगुती फोटोंनी.

डोकं कापलं जाण्याला कॅमेराही थोडा जबाबदार होता. घरोघरी असायचा तो स्मेना, लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातला. त्याचं स्मेना-८एम हे मॉडेल १९७० च्या सुमारास आलं आणि १५ रुबलला मिळायचं, म्हणजे शाळकरी मुलाला वाढदिवसाला देता येईल असं. प्रकाश मोजायची काही सोय नाही. त्याऐवजी भिंगाभोवती छोटी चित्रं: लख्ख सूर्य, ढगाआडचा सूर्य, ढग, पाऊस. अंतरासाठीही तसंच. आधी आकाशाकडे पाहायचं, मग समोरच्या माणसाकडे, आणि अंदाजाने चित्रं जुळवायची. शटरचा खटका एकीकडे ओढायचा आणि फिल्म दुसरीकडे सरकवायची, आणि या दोघांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंध नाही. फिल्म सरकवायची राहिली तर पहिल्याच फोटोवर दुसरा निघायचा. काकांच्या अल्बमात त्या कुटुंबातल्या आजी स्वयंपाकघरात कोबी चिरताहेत आणि त्यांच्या कपाळातून काळा समुद्र वाहतो आहे. लाटा थेट चुलीपर्यंत आल्या आहेत. आजी शांत आहेत.

स्मेनाच्या आधीच्या पिढीचा कॅमेरा फेड. त्याची जन्मकथा मला फार आवडते. खारकिव शहरात रस्त्यावर वाढलेल्या अनाथ मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन मकारेन्को यांनी ती नावारूपाला आणली. या मुलांच्या हातून, जर्मन लायका कॅमेऱ्याची सहीसही नक्कल म्हणून, १९३४ पासून फेड तयार होऊ लागले. वसाहतीला नाव होतं फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचं, आणि फेड ही त्यांचीच आद्याक्षरं. झेर्झिन्स्की म्हणजे चेका या पहिल्या सोव्हिएत गुप्त पोलीस खात्याचे संस्थापक. आता रविवारची सहल डोळ्यांपुढे आणा. नदीकाठी चादर पसरलेली, उकडलेली अंडी, काकड्या, कागदाच्या पुडीत मीठ, आणि बाबा ‘जरा हसा की’ म्हणताहेत ते गुप्त पोलिसांच्या आद्यपुरुषाची अक्षरं कोरलेल्या यंत्रामागून. लोक हसायचेही. त्यांच्या लेखी तो फक्त फेड होता, बटण जरा घट्ट असलेला.

फोटो काढणं हा या उद्योगाचा सोपा भाग. खरी मजा आणि खरी भांडणं पुढे. फिल्म बऱ्याचदा डबीशिवाय, काळ्या कागदात गुंडाळलेली सुटी मिळे. ती अंधारात डबीत भरायची. अंधारी खोली नसेल तर ओव्हरकोट घ्यायचा, बटणं लावायची आणि उलट्या बाजूने बाह्यांत हात घालून आत चाचपडत बसायचं. रात्री घर निजलं की न्हाणीघराचा ताबा. टबावर आडवी फळी, फळीवर एन्लार्जर. उपा नावाचा एक एन्लार्जर तर छोट्या सूटकेसमधून यायचा, आणि उघडली की ती सूटकेसच त्याची बैठक व्हायची. शेजारी थाळ्या: एकीत डेव्हलपर, एकीत साधं पाणी, एकीत फोटो पक्का करणारा हायपो. वर लाल कंदील. कागदावर प्रकाश टाकून तोंडाने सेकंद मोजायचे आणि कागद थाळीत सोडायचा. चिमट्याने हळूहळू हलवत राहायचं. आधी काहीच नसतं. मग सगळ्यात काळं असेल ते वर येतं: भुवया, कोटाची बटणं, गालिच्याची नक्षी. चेहरा त्यानंतर. मुलांना या वेळी जागं राहायची परवानगी असे, आणि मोठेपणी त्यांना अल्बमातल्या फोटोंहून तो लाल उजेड आणि हायपोचा आंबूस वास जास्त आठवतो. फोटो धुऊन झाले की ओलेच आरशावर, काचेवर, न्हाणीघराच्या टाइल्सवर रबरी रोलरने दाबून चिकटवायचे. पहाटे ते वाळून आपोआप गळायला लागत आणि त्यांना चकाकी आलेली असे. काहींना यायची नाही, चट्टे उठायचे. ज्यांना हौस दांडगी त्यांच्याकडे कडा नागमोडी कापणारं खास पातंही असे.

हे सगळं न्हाणीघर आपलं एकट्याचं असेल तर. मोठ्या शहरांतली असंख्य कुटुंबं कोम्युनाल्कात राहायची: पूर्वीच्या एखाद्या श्रीमंताचा फ्लॅट, आता खोलीगणिक एक कुटुंब, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर. दारावर पाटी: अमक्यांसाठी एकदा घंटा, तमक्यांसाठी दोनदा, मागच्या खोलीतल्यांसाठी तीनदा. संडासात प्रत्येक कुटुंबाचा वेगळा दिवा आणि त्याचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत, म्हणजे एकाच्या विजेवर दुसऱ्याने बसायला नको. अशा घरात कुणी रात्रभर न्हाणीघर अडवून बसला तर काय होईल ते होई. शेजारीण दार वाजवायची, मग ठोठवायची, मग कडी हलवायची, आणि कडी सैल असली तर उजेड आत. काकांच्या अल्बमात एक पूर्ण काळा कागदही चारी कोपऱ्यांनी नीट चिकटवून ठेवला आहे. खाली रशियनमध्ये एकच शब्द लिहिलाय: शेजारीण.

म्हणून पन्नासच्या दशकाअखेर जेव्हा ख्रुश्चेव्हच्या सरकारने मोठ्या प्रमाणावर घरं बांधायला घेतली तेव्हा लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. १९५७ च्या ठरावानंतर देशभर पाच मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती उभ्या राहू लागल्या. भिंती कारखान्यात ओतायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या. विताली लागुतेन्को या इंजिनिअरने बसवलेला हा नमुना. छत अडीच मीटरवर, स्वयंपाकघर इतकं की मध्ये स्टुलावर बसलं तर न उठता चूल, नळ आणि खिडकी तिन्हींना हात पोचावा. टीका भरपूर झाली, आणि ती खरीही होती. पण न्हाणीघराला आतून लावायची कडी आपली होती. या नव्या वस्त्यांवर दमित्री शोस्ताकोविचसारख्या थोर संगीतकाराने चक्क एक विनोदी संगीतिका रचली, ‘मॉस्को, चेर्योमुश्की’. ती १९५९ मध्ये रंगमंचावर आली. फ्लॅटचा ताबा मिळण्यावर संगीतिका! आपल्याकडचे म्हाडाचे लॉटरीवाले हे वाचून हसणार नाहीत, त्यांना ते सरळच पटेल.

सगळीकडे एकच घर बांधलं की काय होतं, हे रशियातल्या सगळ्यात लाडक्या सिनेमात दाखवलंय. एल्दार रियाझानोव्हचा ‘नशिबाची थट्टा’ १ जानेवारी १९७६ ला टेलिव्हिजनवर पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून तिथे नववर्ष त्याच्याशिवाय येत नाही. मॉस्कोतला एक डॉक्टर ३१ डिसेंबरला मित्रांबरोबर हमामात जातो, प्यायचं प्रमाण चुकतं, आणि मित्र त्याला लेनिनग्राडच्या विमानात बसवून देतात. तिथे उतरून तो टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो. त्या नावाचा रस्ता तिथेही आहे. इमारत तीच, मजला तोच, किल्लीही लागते. आत फर्निचर तसंच. तो निवांत झोपतो. पुढे घरमालकीण येते आणि गोष्ट सुरू होते.

त्या सिनेमाकडे मी हल्ली नॉस्टॅल्जियाचा सिद्धांत म्हणून पाहतो. एकाच कारखान्याचं कपाट, एकाच कारखान्याचा कंगोरेदार काचेचा पेला, लाल पांढरे ठिपके असलेली चहाची किटली, दाराला टेकवलेली स्लेज. व्लादिवोस्तोकच्या बाईला मिन्स्कच्या अनोळखी कुटुंबाचा अल्बम दाखवा, ती म्हणेल ‘अगबाई, हे तर आमचंच घर!’ आणि ती खोटं बोलत नसते. दुसऱ्या कुठल्या देशात परक्या माणसाचा फोटो बघून इतक्या लोकांना एकाच वेळी आपलं बालपण आठवेल असं मला वाटत नाही. वस्तू घाऊक निघाल्या, त्यामुळे हुरहूरही घाऊक निघाली.

आणखी एक गोष्ट अल्बमांच्या बाबतीत ध्यानात ठेवावी लागते. फिल्मला छत्तीस फोटो. ते कुणी मंगळवारी दुपारी उडवत नाही. त्यामुळे सोव्हिएत अल्बमात कायम सण असतो. १ सप्टेंबरला शाळा उघडते, मुलींच्या डोक्यावर डोक्याहून मोठे पांढरे बो आणि हातात बाईंसाठी फुलं. ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन आणि १ मे, मिरवणूक, बाबांच्या खांद्यावर फुगा धरलेलं पोर. उन्हाळ्यात याल्टा किंवा सोची, समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोग्राफरचं भाड्याचं माकड खांद्यावर. आणि नववर्ष: सूचिपर्णी झाड, त्याखाली बर्फआजोबा, टेबलावर संत्री, उकडलेल्या भाज्यांचं मेयोनेझ घातलेलं सॅलड, गोड शॅम्पेन. या झाडाची कथा तर अशी, की क्रांतीनंतर धर्माचा वास येतो म्हणून त्याला हद्दपार केलं होतं. डिसेंबर १९३५ मध्ये पावेल पोस्तिशेव या पक्षनेत्याचं पत्र ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्रात छापून आलं, आणि नाताळचं झाड नववर्षाचं झाड होऊन परत आलं. मुलांना काय, झाड आल्याशी कारण. पोस्तिशेव यांना पुढे १९३९ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

रांग मात्र घरच्या अल्बमात जवळजवळ नसते. जिच्यात माणसांनी आयुष्याचा मोठा हिस्सा काढला, जिच्यात तळहातावर शाईने नंबर लिहून घेतले, जिच्यात शेवटच्या माणसाला आधी ‘तुमच्यामागे मी’ असं सांगायचं आणि मग ‘कशाची आहे?’ असं विचारायचं, तिचा फोटो कोण काढणार? रांगेच्या शेवटी हाती लागलेल्या वस्तूचा काढावा. एक फोटो त्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे: सुताच्या दोरीत ओवलेली टॉयलेट पेपरची गुंडाळी गळ्यात हारासारखी घालून, सत्कार होऊन आल्याच्या थाटात रस्त्यातून चाललेला सभ्य गृहस्थ. त्या देशात टॉयलेट पेपरचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं १९६९ मध्ये. युरी गागारिन अंतराळात जाऊन आला १९६१ मध्ये. मधल्या काळात ‘प्रावदा’ होता.

किमतींची उजळणी हा या आठवणींचा ठरलेला भाग. मेट्रो ५ कोपेक. १९६१ ते १९९१, तीस वर्षं, तेवढीच. ‘डॉक्टर’ नावाचं सॉसेज किलोला २ रुबल २० कोपेक. बोलणारा इथे थांबून श्रोत्याकडे बघतो. आपल्याकडचे आजोबाही तुपाचा भाव सांगून असेच थांबतात. ‘पण ते मिळायचं का?’ हे विचारायचं नसतं. मिळायचं मॉस्कोत. बाकीच्यांनी आगगाडीने मॉस्कोला यावं, पिशव्या भराव्या आणि परत जावं. त्यावरचं त्यांचं कोडंच होतं: लांब, हिरवं, आणि सॉसेजचा वास येतो, ते काय? मॉस्कोहून सुटलेली लोकल. ज्या लोकांनी असं कोडं घातलं त्यांना आपण भाबडे समजू नये. आठवणीने गहिवरणारे तेच आणि कोडं घालणारेही तेच.

रस्त्यावरच्या सोडावॉटरच्या यंत्राबद्दल मात्र मलाही हुरहूर वाटते, आणि मी त्यातलं पाणी कधी प्यायलेलो नाही. कपाटाएवढं यंत्र. १ कोपेक टाकला तर नुसता सोडा, ३ टाकले तर सिरप घातलेला. मध्ये खोबणीत एकच काचेचा पेला. तो उलटा धरून जाळीवर दाबायचा, खालून पाण्याची चिळकांडी उडून विसळला जातो. मग सरळ ठेवायचा, नाणं टाकायचं, यंत्र जरा विचार करतं, घुरघुरतं, आणि फेस येतो. पिऊन झालं की पेला परत खोबणीत. पुढच्याचं तोंड त्याच पेल्याला. सगळं शहर एका पेल्याने पाणी पितंय आणि पेला जागेवर राहतोय. राहायचाच असं नाही म्हणा. जिथे तिघांना बाटली वाटून घ्यायची असे तिथे तो तात्पुरता उसना जाई. पण पुन्हा येई, असं सगळे सांगतात. आता मॉस्कोत जुन्या सोव्हिएत खेळयंत्रांचं एक संग्रहालय आहे. तिकिटाबरोबर जुनी १५ कोपेकची नाणी देतात, ती टाकून पाणबुडीच्या खेळातली जहाजं बुडवायची. १९९१ नंतर जन्मलेली मुलं तिथे रांग लावतात.

इथवर सगळं गोड. पण जुने अल्बम चाळताना एखाद्या पानावर बोट अडतं. एका समूहचित्रात मागच्या रांगेतला एक चेहरा खरवडलेला असतो, किंवा कात्रीने गोल कापून काढलेला. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याला पकडून नेलं त्याचा फोटो घरात असणं धोक्याचं होतं, म्हणून घरच्यांनीच, कदाचित बायकोनेच, कात्री घेतली. सरकारी पातळीवर हेच काम कसबी कलाकार करत. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला आणि नंतर त्या फोटोत त्याच्या जागी पाणी आलं. अलेक्सांद्र रोदचेन्को हा त्या काळातला असामान्य छायाचित्रकार. उझबेकिस्तानवरचा एक देखणा अल्बम त्याने १९३४ मध्ये सजवला. त्यातले पुढारी एकेक करून ‘शत्रू’ ठरले, तेव्हा त्याने स्वतःच्या घरातल्या प्रतीत त्यांच्या चेहऱ्यांवर शाई ओतली. डेव्हिड किंग या इंग्रज संग्राहकाने ती प्रत पुढे शोधून काढली आणि १९९७ च्या आपल्या पुस्तकात छापली. चेहऱ्याच्या जागी काळा डाग, खाली कोट, टाय आणि नाव तसंच.

आता लोक विचारतात, मग या काळाची आठवण काढून कुणी सुस्कारे टाकावेच का? लेवादा सेंटरच्या पाहणीत २०१८ साली ६६ टक्के रशियनांनी सोव्हिएत संघ मोडल्याची खंत बोलून दाखवली. हा आकडा बघून काहीजण घाबरतात, काही खूश होतात. लेनिनग्राडमध्ये वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या स्वेतलाना बोइम यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात या हुरहुरीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक प्रकार पडलेलं घर पुन्हा जसंच्या तसं बांधायला निघतो. दुसरा ते पडलं आहे हे मान्य करून नुसता आठवत बसतो. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. आजी, कोबी, लाल कंदील, माकड आणि तो पेला यांची आठवण काढायचा त्या माणसांना पूर्ण हक्क आहे. ती वर्षं त्यांची तारुण्याची होती, ती त्यांना सरकारने दिली नव्हती. त्या आठवणीचं श्रेय मात्र पुढाऱ्याने घ्यायला येऊ नये. फोटो घरच्यांनी काढले, न्हाणीघरात धुतले आणि धोका पत्करून जपले. राज्याचा त्यातला वाटा बराचसा कात्रीचा होता.

श्रेय घ्यायला पुढारी आलेच, हे आपण पाहतोच आहोत. काकांच्या अल्बमातल्या एका फोटोचा हिशेब मांडला तर असा होतो: जुना फेड कॅमेरा खारकिवचा, फिल्म स्वेमा कंपनीची, म्हणजे शोस्त्का गावातली, आणि काढणारा मॉस्कोचा. तेव्हा हे सगळं एका देशात होतं. आता खारकिव आणि शोस्त्का युक्रेनमध्ये आहेत, आणि फेब्रुवारी २०२२ पासून खारकिववर रशियाचे तोफगोळे आणि क्षेपणास्त्रं पडताहेत. याच खारकिवचा बोरिस मिखाइलोव्ह हा जगप्रसिद्ध छायाचित्रकार पोटापाण्यासाठी लोकांचे जुने फोटो मोठे करून हाताने रंगवून द्यायचा: गाल गुलाबी, टाय निळा, ओठ अंमळ लालच. त्यांच्या प्रती त्याने स्वतःकडे ठेवल्या आणि त्यांतून एक चित्रमालिका उभी केली. ज्यांचे चेहरे त्याने रंगवले त्यांची नातवंडं आज सीमेच्या कुठल्या बाजूला आहेत, कोण सांगणार.

आपल्याकडेही हे फोटो आहेत, आणि ते फारसं कुणाच्या ध्यानात नाही. पवईची आयआयटी १९५८ साली उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. तिकडचे प्राध्यापक इथे येऊन राहिले, शिकवून गेले. मॉस्को, लेनिनग्राड, कीव्हला शिकून आलेले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या कपाटांत वसतिगृहातल्या खोल्या आहेत, बर्फातल्या चपला आहेत, प्राइमसवर केलेली पिठलं-पोळी आहे, गालिच्यासमोर अवघडून उभा असलेला सोलापूरचा मुलगा आहे. तिकडे जत्रेच्या बाजारात जुने अल्बम वजनावर विकायला येतात. फोटोतलं कोण कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपले तरी रद्दीत जाऊ देऊ नका. घरात असा अल्बम असेल तर तो आणि ती ज्येष्ठ व्यक्ती, दोघांना एका टेबलाशी बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या मागे नावं, गाव आणि साल लिहून घ्या. ग्रंथालयातल्या मुलीचंसुद्धा. लिहायला मऊ शिसाची पेन्सिल घ्या. बॉलपेन नको, दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला थेट कपाळावर उमटतं.